सोळावर आलेली साखर

चाकणहून तळेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर, महाळुंग्याच्या अलीकडे, रोहिदास येळवंडेचं टायरचं दुकान आहे. पंक्चर काढणं, टायर बदलणं आणि हवा भरणं, एवढाच धंदा. पण कंपन्यांच्या गाड्यांची रीघ असल्यामुळे दिवसभर उसंत नसते. रोहिदास कामाला चोख, शब्दाला पक्का, आणि इतका संशयी, की त्याच्याशी दोन घटका बोललं की आपल्याच खिशात चोरीचा माल आहे की काय, अशी शंका यायला लागावी.

गॅसची टाकी घरी आली की तो ती ताणकाट्याला अडकवून दारातल्या लिंबाला टांगायचा आणि वजन होईपर्यंत टाकीवाल्याला उभं करायचा. पेट्रोल भरताना शून्य बघायचा, आणि शून्य बघून झालं की भरणाऱ्या पोराचा हात बघायचा. लेकीला, सुप्रियाला, ज्ञानेशचं स्थळ आलं तेव्हा मुलगा पिंपरीच्या कंपनीत इंजिनीयर आहे असं सगळे सांगत होते. हा पठ्ठ्या शिफ्ट सुटायच्या वेळेला कंपनीच्या गेटसमोर जाऊन चहा पीत बसला. पोरगा गळ्यात कार्ड घालून खरंच बाहेर आला, तरी घरी येऊन बायकोला, जयमालाला, म्हणतो कसा, “कार्ड काय, कुनाच्याबी गळ्यात घालता येतं.”

हा गुण त्याला धंद्यानंच दिला असावा. हवा कुणाला दिसत नाही. गिऱ्हाईक म्हणतं बत्तीस भरा, आपण भरतो, ते मान डोलावून जातं. अठ्ठावीस भरली असती तरी मान तशीच डोलावली असती. रोहिदासनं आयुष्यात कुणाला हवा कमी भरली नाही. पण भरता येते हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि जे करता येतं ते बाकीचं जग करतच असणार, अशी त्याची खात्री होती. मापाच्या बाबतीत तर त्याला बनवणं अवघडच. जुने ट्रकवाले ‘शंभर पौंड’ म्हणायचे, नवे ‘सात किलो’ म्हणायचे. दोन्ही हवा एकच, हे त्यानं झोपेतही सांगितलं असतं.

थंडी ओसरत होती तेव्हाची गोष्ट. टायर उचकटायची लोखंडी टॉमी त्याच्या हातून निसटली आणि उजव्या पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटावर पडली. त्यानं हळद दाबली, चिंधी गुंडाळली आणि पाय पुन्हा बुटात घातला. जखम काही भरेना. शेवटी जयमालानं मागं लागून लागून त्याला चाकणला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी जखम धुतली, रक्त तपासायला पाठवलं, आणि रिपोर्ट बघून म्हणाल्या, “साखर दोनशे नव्वद आहे. उपाशीपोटी शंभराच्या आसपास हवी.”

“मग आता?” जयमालानं विचारलं.

“साखर उतरली नाही तर ही जखम भरणार नाही. जखम भरली नाही तर बोट काढावं लागेल, आणि हयगय केलीत तर पाऊलसुद्धा. या साखरेच्या गोळ्या, या जखमेच्या. गोड बंद.” मग त्या रोहिदासकडे वळल्या. “आणि एक लक्षात ठेवा. गोळ्यांनी कधी कधी साखर फार खाली जाते. सत्तरच्या खाली गेली की चक्कर येते, घाम फुटतो, गळून गेल्यासारखं होतं. तसं झालं तर लगेच काहीतरी गोड खा.”

दवाखाना माडीवर, रक्त तपासणारा खाली, आणि औषधाचं दुकान त्याला लागून. जिना उतरताना रोहिदासनं तिन्ही पाट्या नीट वाचल्या. तिन्ही एकाच रंगाच्या होत्या.

“एकाच माळंचं मणी,” तो जयमालाला म्हणाला. “ह्यो आजार दाखिवतो, ती चिठ्ठी लिवती, त्यो इकतो.”

तरी गोळ्या त्यानं सुरू केल्या. पावलाचं नाव काढल्यावर तो मनातून टरकला होता. दिवसभर उभ्यानं करायचं काम. पाऊल गेलं की दुकान गेलं, आणि घरात बसून जयमालाच्या हातचं खाणारा रोहिदास त्याला स्वतःलाच बघवला नसता.

त्याच सुमाराला जावई इंग्लंडहून परतला. ज्ञानेशला कंपनीनं सहा महिने तिकडे धाडलं होतं. चाकणच्या प्लँटला जाता जाता त्यानं गाडी दुकानासमोर उभी केली आणि इंजिन चालू ठेवूनच एक छोटी पेटी सासऱ्याच्या हातात दिली. “मामा, सुप्रियानं आठवणीनं आणायला लावलं. घरच्या घरी साखर बघायचं मशीन. बोटाला सुई टोचायची, थेंब या पट्टीवर घ्यायचा, आकडा दिसतो. लहान पोरालाही जमेल.” एवढं सांगून तो गेला. तिकडची माणसं साखर कशात मोजतात आणि इकडची कशात, हा विचार त्या बिचाऱ्याच्या डोक्याला शिवलाच नव्हता.

दुपारी गिऱ्हाईक नाही असं बघून रोहिदासनं बोट टोचलं. मशीनवर आकडा उमटला: सोळा, आणि पुढं एक टिंब देऊन एक.

सोळा! सत्तरच्या खाली धोका, आणि आपण सोळावर! आधी त्यानं मशीनवर संशय घेतला, कारण संशय घेण्यात तो कुणाला डावंउजवं करत नसे. दुसरं बोट टोचलं. पंधरा टिंब नऊ. दुसऱ्या दिवशी सकाळी तिसरं टोचलं. पुन्हा सोळा. खोटं बोलणारा दर वेळी काहीतरी वेगळं बोलतो, हे मशीन तर एकाच शब्दावर ठाम आहे, तेव्हा मशीन खरं, असा त्यानं निकाल दिला. पद्धत अगदी बरोबर होती. नवा मीटर आणला की तो असाच पारखायचा. फक्त हा सोळा कशाचा सोळा, एवढंच त्यानं विचारलं नाही.

शेजारी लालमहंमदचं गॅरेज. दोघांची दोस्ती जुनी, चाकणला कारखाने मोजके होते तेव्हापासूनची. लालमहंमदचा रोजा चालू होता.

“जरा बोट दे,” रोहिदास म्हणाला.

“कशापायी?”

“दे तर.”

“थेंबभर रक्तानं रोजा तुटत न्हाई म्हनून देतोय हां,” लालमहंमदनं बोट पुढं केलं. मशीन म्हणालं, पाच. रोहिदासनं गंभीरपणे मान हलवली. सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नाही, तर साखर पाचवर येणारच. आणि दर वर्षी रोजे धरून या गड्याला सवय झालेली, म्हणून उभा तरी आहे. सगळं कसं चपखल बसलं. माणसानं एकदा मनाशी ठरवलं की पुरावे आपल्या पायांनी चालत येतात.

आता त्याला सगळा डाव दिसायला लागला. दोनशे नव्वदवरून सोळा! म्हणजे आधी खोटा आकडा दाखवायचा, मग जहाल गोळ्या देऊन माणसाची साखर पार तळाला न्यायची, तो चक्कर येऊन पडला की उचलून खाटेवर टाकायचा आणि सलाईन लावायचं. आणि चक्कर तर त्याला येतच होती. अंग गळून जात होतं, नजर मधूनच धूसर व्हायची, घसा सारखा कोरडा पडायचा. बाईंनी सांगितलेली सगळी लक्षणं, असं त्याला वाटलं. त्यांनी न सांगितलेलीही त्यानं त्यातच धरली.

साखरेच्या आणि जखमेच्या, सगळ्या गोळ्या त्यानं दुकानामागच्या फाटक्या ट्यूबांच्या ढिगात भिरकावल्या. वर आकाशाकडे बघून हातही झटकले.

मग तो साखर वाढवायच्या मागं लागला. रस्त्यापलीकडच्या रसवंतीतून दिवसातून तीनदा उसाचा रस यायला लागला. दुपारी जिलबी. घरी सकाळ-संध्याकाळ गुळाचा चहा, आणि गूळ असा की चमचा उभा राहावा.

“आवं, बाईंनी ग्वाड बंद सांगितलंय,” जयमाला म्हणाली.

“मला ठावं हाय काय करायचं त्ये.”

“पाय तरी बघू द्या. वास येतोय त्याचा.”

“टायरच्या दुकानात काय अत्तराचा वास येनार व्हय?”

“गोळ्यांची पाकिटं घरात दिसंनात. घेताय न्हवं?”

रोहिदासनं तिच्याकडे रोखून पाहिलं. “त्यांची लई बाजू घेतीस. तू बी त्यान्ला सामील हायस का काय?”

तीस वर्षं संसार केलेल्या बाईला हे ऐकून काय वाटलं असेल, ते ज्याचं त्यानं ओळखावं. तिनं पातेलं गॅसवर ठेवलं, गूळ फोडला आणि नवऱ्याला पाहिजे तसा चहा करून दिला. त्या दिवसापासून तिनं गोडावरून वाद घातला नाही. रोहिदासला वाटलं, पटलं वाटतं हिला.

मशीनवर आकडा चढत होता. सतरा, अठरा, मग एकवीस. चढताना बघून त्याला हुरूप यायचा. सत्तरला पोचायला अजून पल्ला होता, पण गाडी रस्त्याला लागली होती. विचित्र एवढंच, की आकडा चढला तसं अंग मात्र हलकं वाटेना. तहान तर अशी लागायची की रसाचा ग्लास पुरायचा नाही. जयमालाला हे सांगायची सोय नव्हती. जावयाला विचारायचं, तर तो सुप्रियाला सांगणार आणि ती आईला. डॉक्टरीणबाई तर आरोपीच्या पिंजऱ्यात! सगळ्यांवर संशय घेणाऱ्या माणसाला विचारायला कुणी उरत नाही, तसं त्याचं झालं होतं. बुटातलं बोट दुखायचं मात्र थांबलं होतं. याचाही त्याला आनंदच झाला.

अशातच एका सकाळी जयसिंग आला. हा एका कंपनीच्या साहेबाचा ड्रायव्हर, नेहमीचं गिऱ्हाईक. साहेबानं कोरी गाडी घेतली होती. रोहिदासनं चारही टायरांत बत्तीस पौंड हवा भरली, जयसिंग गेला आणि थोड्याच वेळात धापा टाकत परत आला.

“भाऊ, काय करून ठेवलंय राव? बत्तीस सांगितली होती ना?”

“बत्तीसच भरली.”

“मग ह्ये काय हाय?” त्यानं दार उघडून समोरचा पडदा दाखवला. गाडीचं चित्र होतं, आणि चारही टायरांपाशी आकडे लिहिले होते: दोनशे वीस. “सात पट हवा! रस्त्यात टायर फुटला असता म्हंजी? साहेबानं मला उभा चिरला असता.”

रोहिदास हसला. “आरं बाबा, त्यो आकडा येगळ्या मापाचा हाय. आपुन पौंडात भरतो, गाडी तिच्या भाषेत बोलती. बत्तिसाला साताच्या आसपास गुनलं की दोनशे वीस येतंय.”

“तुमी सांगनारच की असं,” जयसिंग म्हणाला. त्याच्या डोळ्यांत जे होतं ते रोहिदासनं बरोब्बर ओळखलं, कारण ते रोज सकाळी दाढी करताना आरशात असायचं. “धंदा तुमचा. चूक कशाला कबूल कराल?” आणि तो किल्ली घेऊन पुढच्या टायरपाशी बसला, वॉल्व्हची पिन दाबली. हवा फुसफुसत सुटली.

“आरं, काय करतूयास?”

“बत्तीसवर आनतो.”

“टायर बसंल गाढवा!”

“पडदा दाखवील तवाच थांबनार मी.”

टायर खाली आला. त्याची कडा जमिनीवर पसरली, रिंग जवळजवळ टेकायला आली. डोळ्यांना दिसत होतं, हाताला कळत होतं, आणि हा माणूस मान वाकडी करून पडद्यावरच्या आकड्याकडे बघत हवा सोडतच होता. रोहिदासनं त्याचं बखोट धरून त्याला उठवलं. भिंतीवरचा मोठा मीटर काढून त्याच्या नाकासमोर धरला. त्यावर आकड्यांची दोन वर्तुळं होती, बाहेर पौंड, आत किलो, आणि काटा एकच.

“ह्ये बघ. बाहेर बघशील तर तीस, आत बघशील तर दोन. काटा हलला का? हवा वाढली का कमी झाली? आकडा बघायच्या आधी इचारावं, त्यो आकडा कशाचा हाय! ज्यानं इचारलं न्हाई त्यो...”

वाक्य तिथंच तुटलं. जयसिंग वाट बघत राहिला. रोहिदास मीटर हातात धरून उभा होता आणि त्याचा चेहरा मातीसारखा झाला होता.

टायर पुन्हा कुणी भरला ते त्याला नंतर आठवलं नाही. बहुधा लालमहंमदनं भरला. रोहिदासनं गल्ल्यामागून मशीन काढलं, घडी करून ठेवलेला रिपोर्ट काढला, आणि चष्मा लावून आकडे सोडून आकड्यांच्या शेजारची बारीक अक्षरं वाचायला लागला. रिपोर्टावर होतं एम जी. मशीनवर एम, एम, ओ, एल. त्यानं जावयाला फोन लावला.

“पाव्हणं, तुमच्या त्या मशीनचा आकडा आपल्या रिपोर्टात कसा बसवायचा?”

पलीकडून ज्ञानेशचा आवाज आला, चाचरत. “मामा, एक मिनिट, बघून सांगतो. ... अठरानं गुणायचं. अरे देवा. हे मी तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं. मामा, तुमचा आकडा किती येतोय?”

रोहिदासनं फोन ठेवला. खडूनं टायरवरच गुणाकार केला. सोळा टिंब एक गुणिले अठरा: दोनशे नव्वद, अगदी काठोकाठ. पहिल्याच दिवशी रिपोर्ट आणि मशीन एकच गोष्ट सांगत होते. मग त्यानं एकवीसला गुणलं. तीनशे अठ्ठ्याहत्तर. हा आकडा त्यानं स्वतःच्या हातांनी, उसाच्या रसानं आणि जिलबीनं, रोज थोडा थोडा करून चढवला होता. तो स्टुलावर बसला आणि त्यानं बूट काढला. बोट काळं पडलं होतं. दाबून पाहिलं, तर काहीच कळलं नाही. लालमहंमदनं ते पाहिलं आणि रोज्याच्या तोंडानं जी शिवी देऊ नये ती दिली, आणि गाडी काढली.

बोट काढावं लागलं. लालमहंमद रोज इफ्तार उरकून दवाखान्यात येऊन बसायचा, ज्ञानेश आणि सुप्रिया सांगवीहून येऊन जायचे. ज्ञानेशला सासऱ्याच्या नजरेला नजर देववत नव्हती, आणि सासऱ्याला जावयाच्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडून पाय नीट पाहिला आणि पहिल्यांदा हसल्या. “बोट गेलं, पण पाऊल वाचलं. साखर एवढी चढलेली, जखम अशी कोंडलेली. विष वर चढायला हवं होतं. जखमेच्या गोळ्या पोटात जात होत्या म्हणून थांबलं. साखरही याहून वर गेली असती. गोड खाल्लंत ते खाल्लंत, निदान गोळ्या तरी बंद केल्या नाहीत.”

रोहिदासला गप्प बसता आलं असतं. पण पडल्या पडल्या त्याला स्वतःची इतकी लाज वाटत होती, की आणखी थोडी झाली तरी फरक पडणार नव्हता.

“बाई,” तो म्हणाला, “म्या पुढं एक बी गोळी घेतली न्हाई. पहिल्याच आठवड्यात समद्या फेकून दिल्या.”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग खाटेच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या जयमालाकडे. “असं कसं? तुमच्या मिसेस चिठ्ठी घेऊन परत आल्या होत्या की. तुम्हाला गोळ्या गिळता येत नाहीत, कुटून दिल्या तर चालतील का, असं विचारून गेल्या. नंतर एकदा येऊन आणखी घेऊन गेल्या.”

जयमाला चादरीची मुडपलेली कड सरळ करत होती. ती सरळ झाली तरी करतच राहिली.

बाई पुढच्या खाटेकडे गेल्या. रोहिदास बायकोकडे बघत होता. जन्मभर टाकीवाला, दूधवाला, पेट्रोलवाला, जावई, डॉक्टर, कुणाकुणावर त्यानं पाळत ठेवली. आणि ज्या एका माणसानं त्याला रोज सकाळ-संध्याकाळ, त्याच्या डोळ्यांदेखत फसवलं, त्याचा त्याला पत्ताही लागला नव्हता.

“कशात घालत हुतीस?” त्यानं विचारलं.

“च्यात. तुमच्या गुळाच्या.”

“मला सांगायचं न्हाईस?”

“सांगितलं असतं तर च्या बी सोडला असता तुमी.”

हे इतकं खरं होतं, की रोहिदासचे डोळे भरून आले. त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून तो म्हणाला, “मग गूळ तरी कमी घालायचास.”

“कमी घालून भागत न्हवतं,” जयमाला म्हणाली. “गोळ्या लई कडू हुत्या. तुमाला लगीच संशय आला असता.”